एक चाप, एक गोळी, बारा भानगडी

गेल्या दिवाळीत आम्ही सगळे घरी, कोऱ्हाळे बुद्रुकला जमलो होतो. लक्ष्मीपूजनाच्या सकाळी माझ्या आत्तेभावाचा अमेरिकेहून फोटो आला. हा दादा टेक्सासमध्ये एमएस करतोय. फोटोत साहेब कानांवर हेडफोनसारखं काहीतरी लावून उभे, आणि हातात चक्क एके-४७! खाली ओळ होती, "हॅपी दिवाळी, आमच्याकडे खरे फटाके!"

मोबाईल घरभर फिरला. आमच्या तात्यांनी (म्हणजे माझ्या चुलत्यांनी) तो डोळ्यांजवळ धरून नीट पाहिला आणि म्हणाले, "आयला! तिकडं दुकानात मिळत्यात म्हणं ह्या. त्येला म्हणावं, येताना एक आण. उसात डुकरं लई झाल्यात." सगळे हसले. आत्या मात्र हसली नाही. रात्री भांडी घासताना तिने मला हळूच विचारलं, "अगं, तू शिकलेली आहेस, मला सांग. त्याला काही होणार तर नाही ना गं?"

मला उत्तर आलं नाही. एनसीसीच्या कॅम्पला मी पॉइंट बावीसच्या रायफलने पाच गोळ्या मारल्या आहेत, एवढंच माझं या विषयातलं भांडवल. वाटलं, नेटवर पाच मिनिटांत कळेल. पाच मिनिटांचे तीन आठवडे झाले, एक सबमिशन लेट झालं, आणि जे हाती लागलं ते तात्यांच्या थट्टेपेक्षा आत्याच्या काळजीशी जास्त जुळणारं निघालं. आपल्या हॉस्टेलमधले निम्मे लोक जीआरईचे शब्द पाठ करतायत, म्हणून हा लेखप्रपंच.

आधी यंत्राबद्दल बोलू, कारण सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो. मेसच्या टेबलावर मी दहा जणांना विचारलं की सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे काय. आठ जणांनी वॉशिंग मशीन सांगितलं. तुलना अगदीच वाईट नाही म्हणा! बोल्ट-अ‍ॅक्शन रायफलमध्ये प्रत्येक गोळीनंतर आपणच हाताने बोल्ट मागे-पुढे करायचा, म्हणजे रिकामं काडतूस बाहेर पडतं आणि नवं आत जातं. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये हे काम बंदूक स्वतः करते. मागच्या गोळीच्या वायूचा किंवा धक्क्याचा जोर वापरून ती पुढचं काडतूस आत घेते, पण पुढची गोळी सुटायला चाप सोडून पुन्हा ओढावा लागतो. एकदा चाप, एक गोळी. फुल ऑटोमॅटिक म्हणजे चाप धरून ठेवला की गोळ्या सुटतच राहतात, चाप सोडेपर्यंत किंवा मॅगझिन रिकामं होईपर्यंत.

हे शेवटचं वाक्य माझं नाही, जवळजवळ कायद्याचंच आहे. आपल्या शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये 'प्रतिबंधित शस्त्रा'ची व्याख्या याच शब्दांत आहे. हा कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. त्याआधी इंग्रजांचा १८७८ चा होता. मी मराठी प्रत मिळवून वाचायला घेतली, आणि 'अनुज्ञप्ती' म्हणजे लायसन्स हे कळायलाच मला दोन पानं लागली. कॉन्व्हेंटचे दुष्परिणाम, दुसरं काय. पुढे मी सरळ 'परवाना' म्हणते.

तर, व्याख्या वाचून कुणीही हुशार इंजिनिअर लगेच निष्कर्ष काढेल की ऑटोमॅटिकला बंदी आहे, सेमी-ऑटोमॅटिक त्या व्याख्येत बसत नाही, म्हणजे ती चालते. मीही काढला होता. पण कायद्याच्या पोटात नियम असतात आणि नियमांच्या शेवटी परिशिष्टं. आधी १९६२ चे शस्त्र नियम होते, आता २०१६ चे आहेत. दोन्हींत शस्त्रांच्या श्रेणी दिल्या आहेत, आणि पहिल्या, सर्वांत कडक श्रेणीत ऑटोमॅटिकच्या खालोखाल सेमी-ऑटोमॅटिक बंदुका बसवल्या आहेत. पिस्तुलांना त्यातून वगळून तिसऱ्या, म्हणजे साध्या परवान्याच्या श्रेणीत टाकलंय. म्हणूनच सरकारी ऑर्डनन्स फॅक्टरीचं पॉइंट बत्तीसचं पिस्तूल एखाद्या बागायतदाराच्या कमरेला कायदेशीर दिसू शकतं, जरी तेही यंत्र म्हणून सेमी-ऑटोमॅटिकच असलं तरी. रायफल दिसणार नाही.

त्याच श्रेणीत आणखी एक ओळ आहे, आणि ती मला सर्वांत इंटरेस्टिंग वाटली. .३०३ किंवा ७.६२ मिलिमीटर बोअरची रायफल, किंवा इतर कुठल्याही बोअरची पण ज्यात लष्कराचं .३०३ किंवा ७.६२ चं काडतूस बसतं आणि उडतं अशी रायफल, मग ती सेमी-ऑटोमॅटिक असो की हाताने बोल्ट ओढायची, पहिल्याच श्रेणीत. म्हणजे इथे प्रश्न बंदूक किती वेगाने उडते हा नाहीच. प्रश्न आहे तिच्या पोटात कोणतं काडतूस मावतं. हिशेब साधा आहे. शस्त्रागारातून गोळ्या चोरीला गेल्या तरी त्या उडवायला बाहेर बंदूकच मिळू नये!

ही युक्ती इंग्रजांची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी हिंदुस्थानात लष्करी मापाच्या खासगी रायफलींवर बंदी आणली, तेव्हा विलायतेतल्या बंदूकवाल्यांनी इथल्या शिकारी साहेबांसाठी मुद्दाम वेगळ्या मापाची काडतुसं काढली. त्याच विचाराचं आजचं अपत्य म्हणजे आपल्याकडे परवान्यावर मिळणारी .३१५ बोअरची रायफल. ती ईशापूरच्या सरकारी कारखान्यात बनते, दिसायला .३०३ ची धाकटी बहीण, पण काडतूस वेगळं. टॉलरन्स, फिट, क्लिअरन्स असलं सगळं आपण फर्स्ट इयरला घोकतो. ते कायद्याचं हत्यार म्हणूनही वापरता येतं हे कुणी शिकवलं नव्हतं.

आता दादाच्या फोटोतली बंदूक घ्या. टेक्सासच्या दुकानात मिळणारी एके म्हणजे खरी एके-४७ नव्हे. तिच्यात चाप धरून ठेवायची सोय काढून टाकलेली असते, म्हणजे सेमी-ऑटोमॅटिक. वर तिचं काडतूस ७.६२ चं. म्हणजे आपल्या नियमांत ती दोन वेगवेगळ्या ओळींनी पकडली जाते. अशा बंदुकीचा परवाना आपल्या कलेक्टर कचेरीत मिळतच नाही, तो विषय थेट केंद्रीय गृहमंत्रालयाचा. आणि शिक्षा? २०१९ साली कायद्यात दुरुस्ती झाली, १४ डिसेंबर २०१९ पासून ती लागू आहे. नुसतं विनापरवाना साधं शस्त्र जवळ असलं तर पूर्वी एक ते तीन वर्षं होती, आता दोन ते पाच. प्रतिबंधित शस्त्र बाळगलं तर पूर्वी पाच ते दहा, आता सात ते चौदा वर्षं. आणि विनापरवाना शस्त्र देशात आणलं तर सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत. 'येताना एक आण' याची किंमत ही.

तात्यांना मी हे सांगितलं तर म्हणाले, "आगं, पण लोकं आणत्यात की फॉरेनच्या." खरं आहे, आणतात. म्हणूनच हा भाग जरा सविस्तर सांगते, कारण 'इम्पोर्टेड' या शब्दातच बेकायदेशीरपणा आहे असं नाही. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ जिंकणारा आपला स्वप्निल कुसाळे घ्या, कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा. या प्रकारात जगभरचे नेमबाज बहुतेक जर्मन बनावटीच्या रायफली वापरतात, आपलेही वापरतात. पण त्या पॉइंट बावीसच्या असतात, एकेक गोळी हाताने भरायच्या. मान्यताप्राप्त नेमबाज म्हणून सरकारदरबारी नाव लागलेलं असावं लागतं, आयातीची परवानगी वेगळी, शस्त्र परवाना वेगळा, आणि आणलेली बंदूक मनाला येईल तेव्हा कुणालाही विकता येत नाही. म्हणजे तिथे बंदूक नुसती विमानातून येत नाही, तिच्या आधी कागद येतात.

परदेशातून कायमचं परत येणाऱ्यांसाठीही सीमाशुल्क खात्याची वर्षानुवर्षांची एक सवलत आहे. एक बंदूक, तीही परवानगी असलेल्या बोअरची, तिकडे किमान वर्षभर स्वतःच्या ताब्यात आणि वापरात असलेली, ड्यूटी भरून, आणि इथला परवाना आधीच हातात असेल तर. पुढे ती आयुष्यभर विकायची नाही, उसनी द्यायची नाही, कुणाच्या नावावर करायची नाही. तात्यांच्या डुकरांसाठी यातलं काहीच उपयोगाचं नाही. शिवाय उसात डुक्कर दिसलं म्हणून गोळी घालायची तर वनखात्याची परवानगी लागते ती वेगळीच, १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली.

इथे एक प्रकरण सांगायलाच हवं, कारण 'एके' म्हटलं की आपल्या आई-वडिलांच्या पिढीला तेच आठवतं. जानेवारी १९९३, दंगलीतली मुंबई. संजय दत्तने एके-५६ रायफल जवळ ठेवली. १९ एप्रिल १९९३ ला तो मॉरिशसहून परतल्यावर विमानतळावरच अटक झाली. खटला बॉम्बस्फोटांच्या टाडा न्यायालयात चालला. नोव्हेंबर २००६ मध्ये न्यायालयाने त्याला दहशतवादाच्या कटाच्या आरोपातून सोडलं. बरेच लोक गोष्ट इथेच संपवतात. पण शस्त्र कायद्याखाली तो दोषी ठरला, ३१ जुलै २००७ ला सहा वर्षांची शिक्षा झाली, आणि २१ मार्च २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने ती पाच वर्षं करून कायम ठेवली. उरलेली शिक्षा त्याने आपल्या येरवड्यात काढली, २५ फेब्रुवारी २०१६ ला सुटला. कुटुंबाच्या संरक्षणासाठी ठेवली होती, हे त्याचं म्हणणं. शस्त्र कायद्यात मात्र 'का ठेवली' याच्या आधी 'ठेवली होती का' हा प्रश्न येतो.

याच माणसाच्या प्रकरणात १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने एक महत्त्वाची गोष्ट सांगितली की ताबा म्हणजे जाणीवपूर्वक ताबा. वस्तू तुमच्याकडे आहे हे तुम्हाला माहीत असलं पाहिजे. विमानतळावर बॅगेत काकांचं विसरलेलं एखादं काडतूस सापडतं, केस होते, आणि मग हायकोर्टात जाऊन ती रद्द करून घ्यावी लागते. दिल्ली उच्च न्यायालयात अशी प्रकरणं पुन्हा पुन्हा येतात, आणि सुटका बहुतेकदा याच मुद्द्यावर होते. सुटका होते, पण विमान चुकतं, वकील लागतो, पासपोर्ट आणि नोकरीच्या फॉर्मवर 'गुन्हा दाखल आहे का' हा रकाना भरावा लागतो. घरातली जुनी बॅग घेऊन इंटरव्ह्यूला निघण्याआधी तिचे सगळे कप्पे उलटे करून बघा.

हे झालं तात्यांच्या प्रश्नाचं उत्तर. आता आत्याच्या.

माझी समजूत होती की अमेरिकेत काय, किराणा घेतल्यासारखी बंदूक घेता येते. पण आयात केलेल्या सेमी-ऑटोमॅटिक रायफलींच्या बाबतीत तिथला कायदा आपल्या सेकंड इयरच्या मशीन ड्रॉइंगपेक्षा किचकट आहे. त्याचं मूळ एका शाळेत आहे. १७ जानेवारी १९८९ ला कॅलिफोर्नियातल्या स्टॉक्टन गावी एका माणसाने प्राथमिक शाळेच्या मैदानावर गोळीबार केला. पाच मुलं गेली, कंबोडिया आणि व्हिएतनाममधून आलेल्या निर्वासित कुटुंबांतली. त्याच्या हातात चिनी बनावटीची सेमी-ऑटोमॅटिक रायफल होती, 'टाइप ५६'ची दुकानी आवृत्ती. हाच 'टाइप ५६' म्हणजे आपल्याकडची एके-५६. एकाच डिझाइनची एक बहीण स्टॉक्टनच्या शाळेत, दुसरी चार वर्षांनी मुंबईत. हे वाचलं तेव्हा मी लॅपटॉप बंद करून मेसला गेले. त्या दिवशी पुढे काही वाचलं नाही.

त्याच वर्षी अमेरिकेने अशा अनेक रायफलींची आयात बंद केली. निकष असा की बंदूक 'खेळाच्या किंवा शिकारीच्या कामाची' आहे का. मग लोकांनी पळवाट काढली. पूर्ण बंदूक आणता येत नाही ना, मग सुटे भाग आणू आणि इथे जोडू. ती बुजवायला १९९० मध्ये कलम ९२२(आर) आलं. रायफलच्या वीस भागांची एक यादी आहे, आणि आयातबंदी असलेल्या रायफलसारखी सेमी-ऑटोमॅटिक तिथे जोडायची तर त्या वीसपैकी परदेशी बनावटीचे भाग दहापेक्षा जास्त नकोत. म्हणून रुमानियाची म्हणून विकली जाणारी एके प्रत्यक्षात अर्धी अमेरिकन असते. आणि गंमत (गंमत कसली!) पुढेच आहे. घेणाऱ्याने हौसेने एखादा अमेरिकन भाग काढून 'ओरिजिनल' रुमानियन भाग बसवला की मोजणी दहाच्या वर जाऊ शकते, आणि दुकानातून कायदेशीर घेतलेली बंदूक घरच्या टेबलावर बेकायदेशीर होते. एक स्क्रू ड्रायव्हर आणि अर्धा तास. आपण इंजिनिअर लोक वस्तू घरी आणली की आधी उघडून बघतो, म्हणून हे लक्षात ठेवावं.

त्यावर प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा. टेक्सासमध्ये चालणारी रायफल गाडीच्या डिकीत टाकून कॅलिफोर्नियाला किंवा न्यू जर्सीला नेली तर तिथे ती गुन्हा होऊ शकते. कॅलिफोर्नियाने स्टॉक्टननंतर १९८९ मध्येच बंदी आणली, न्यू जर्सीने १९९० मध्ये. आणि आपली मराठी माणसं नेमकी या दोन राज्यांत गावंच्या गावं करून राहतात!

पण दादाच्या बाबतीत हे सगळं नंतरचं. त्याच्यासाठी पहिलाच प्रश्न होता की हात कुणाचा. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात काही माणसांना बंदूक किंवा गोळी बाळगायलाच मनाई आहे. त्या यादीत गुन्हेगार आहेत, बेकायदेशीर राहणारे आहेत, आणि नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेलेही आहेत. एफ-१ म्हणजे विद्यार्थी, एच-१बी म्हणजे नोकरीवाले, दोन्ही त्यात आले. अपवाद थोडे, त्यातला नेहमीच्या वापरातला म्हणजे तिथल्या राज्याचा चालू मुदतीचा शिकारीचा परवाना. तो खिशात नसेल तर दुकानातून घेणं तर सोडाच, रेंजवर तासभर भाड्याने घेऊन उडवणं हेसुद्धा 'बाळगणं' धरलं जातं. शिक्षा २०२२ पर्यंत दहा वर्षांपर्यंत होती, आता पंधरापर्यंत. वर, बंदुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरलं की देशाबाहेर काढण्याचं वेगळं कलम आहे.

कुणी म्हणेल, एवढ्याशा गोष्टीवरून कोण पकडतंय. पकडलंय, आणि तेही एका इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याला. हमीद रेहाइफ हा संयुक्त अरब अमिरातीचा मुलगा फ्लोरिडाच्या कॉलेजात एफ-१ व्हिसावर शिकायला गेला होता. मार्क कमी पडले, कॉलेजने काढलं. कॉलेजातून नाव गेलं की व्हिसाचा दर्जाही जातो. तो परत गेला नाही. पुढे तो एका शूटिंग रेंजवर गेला आणि तिथे दोन बंदुका उडवल्या. कुणाला इजा नाही, कुठे चोरी नाही. तरी खटला झाला, खालच्या कोर्टात दीड वर्षाची शिक्षा झाली. तो सर्वोच्च न्यायालयात गेला. २१ जून २०१९ ला सात विरुद्ध दोन अशा बहुमताने निकाल त्याच्या बाजूने लागला. आपण मनाई असलेल्या गटात मोडतो हे आरोपीला माहीत होतं, हेही सरकारने सिद्ध केलं पाहिजे, असं न्यायालय म्हणालं. म्हणजे फिरून तेच, आपल्या १९९४ च्या निकालासारखं, माणसाच्या डोक्यात काय होतं ते बघणं आलं. फरक एवढाच की तिथे प्रश्न बंदुकीच्या जाणिवेचा नव्हता, स्वतःच्या कागदांच्या जाणिवेचा होता. आणि हा लेख वाचल्यानंतर 'मला माहीत नव्हतं' हे तुम्हाला म्हणता येणार नाही, सॉरी.

दुसरा सापळा मित्रांचा. ग्रीन कार्डवाला रूममेट म्हणतो, "मी माझ्या नावावर घेतो, तू मला पैसे दे." बंदूक घेताना तिथे एक फॉर्म भरावा लागतो, त्यात खरा खरेदीदार तुम्हीच का असा थेट प्रश्न असतो. २०१४ च्या अब्राम्स्की खटल्यात एका माजी पोलिसाने काकांसाठी पिस्तूल घेतलं होतं. काकांनाही बंदूक घ्यायला कायद्याने काहीच आडकाठी नव्हती, तरी फॉर्मवर खोटं लिहिलं म्हणून त्याची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवली. जिथे काकाच कायद्याने अपात्र, म्हणजे आपल्यासारखे व्हिसावाले, तिथे काय होईल ते सांगायला नको.

एवढं वाचून मी दादाला फोन केला. तिकडे रात्रीचे अकरा वाजले होते. आधी त्याने मला झाडलं, "तू आता मला कायदा शिकवणार का?" मग मी विचारलं, "दादा, तुझ्याकडे शिकारीचं लायसन्स होतं का रे?" पलीकडे शांतता. मग म्हणाला, "लॅबमधला एक जण घेऊन गेला होता गं. काउंटरवर फक्त ड्रायव्हिंग लायसन्स बघितलं त्यांनी." म्हणजे रेंजवाल्याने विचारलं नाही, म्हणून चालतं असं तो समजला. फोटो काढून टाकला का, असं मी विचारलं तर म्हणाला, "अगं, काढला, पण तो तीन ग्रुपवर गेलाय." त्याने नंतर युनिव्हर्सिटीच्या कायदेविषयक मदत केंद्रात जाऊन रीतसर सल्ला घेतला, आणि आत्याला सांगायचं नाही असं माझ्याकडून वचन घेतलं. (आत्या आपलं मॅगझिन वाचत नाही.)

इथे लेख संपायला हवा होता. पण आमच्या घरात एक बंदूक होती.

आमच्या आबांची, दुनळी बारा बोअर. परवाना रीतसर आबांच्या नावावर, निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा करायची, मग परत आणायची, हे मी लहानपणापासून बघत आलेय. आबा मार्चमध्ये गेले. बंदूक आजीच्या लोखंडी कपाटात गोधड्यांच्या मागे तशीच उभी. दशक्रिया झाली, वारसनोंदी झाल्या, सातबारावर नावं चढली, सोसायटीचं कर्ज बघितलं. बंदुकीचं कुणालाच सुचलं नाही, कारण ती 'आपलीच' होती.

परवाना माणसाचा असतो, घराचा नसतो. माणूस गेला की घरच्यांकडची बंदूक बिनापरवाना होते. कायद्याच्या कलम २१ प्रमाणे ती विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची, मग वारसाने परवान्यासाठी अर्ज करायचा. २०१६ च्या नियमांत वारसांसाठी वाटही ठेवलेली आहे. एवढंच काय, परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला किंवा बंदूक पंचवीस वर्षं त्याच्याकडे असली तर तो हयातीतच वारसाच्या नावे करायला अर्ज करू शकतो. आबा एक्याऐंशीचे होते. आम्ही कुणी विचारलंच नाही. विमानतळावरच्या विसरलेल्या काडतुसासारखं 'माहीत नव्हतं' हेही आम्हाला म्हणता आलं नसतं. कपाटात काय आहे हे घरातल्या पोरासोरांनाही माहीत होतं. म्हणजे दादा टेक्सासमध्ये तासभर जे करत होता, ते आम्ही कोऱ्हाळ्यात आठ महिने करत होतो.

मी तात्यांना सांगितलं तेव्हा ते आधी हसले, मग गप्प बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी आबांचं मृत्यूचं प्रमाणपत्र, परवान्याचं पुस्तक आणि चादरीत गुंडाळलेली बंदूक घेऊन निघाले. निघण्याआधी फोन करून ठाण्यात कळवा, असं मी म्हटलं. विनापरवाना बंदूक मोटारसायकलवर घेऊन रस्त्याने जाणं हाही प्रश्नच होता! तिथल्या हवालदारांनी घरीच माणूस पाठवला. काडतुसं मोजली, अकरा. पुस्तकात बारा. सगळं घर शोधलं. बारावं उडवलेलं निघालं, आणि त्याची रिकामी टोपी कुठे होती माहितीये? माझ्या हॉस्टेलच्या टेबलावर, त्यात मी पेन्सिली ठेवते. आबांनीच दिली होती, मी आठवीत असताना. रिकाम्या टोप्यांसारखे किरकोळ भाग, जे दुसऱ्या भागांबरोबर जोडून वापरायचे नाहीत, त्यांना कलम ४५ मध्ये सूट आहे, हे मी तीनदा वाचून खात्री करून घेतली. तरी मुंबईला विमानतळावर जाताना ती बॅगेत टाकायची नाही हे ठरवलंय.

पावती मिळाली. तात्यांनी परवान्यासाठी अर्ज करायचं ठरवलं. मला नाही करता येणार, एकवीस पूर्ण लागतात आणि मला अजून सात महिने आहेत. रविवारी आम्ही दोघं ओट्यावर बसून फॉर्म भरत होतो. शस्त्राचा तपशील लिहायचा होता, म्हणून मी जमा करण्यापूर्वी काढलेला बंदुकीचा फोटो मोठा करून बघितला. नळीवर बारीक कोरीव अक्षरं होती. इतकी वर्षं कुणी वाचलीच नव्हती. 'बेल्जियम'.

तात्यांनी चष्मा वर केला. "म्हंजी," ते म्हणाले, "ही पण फॉरेनचीच की गं."

"होय तात्या."

"आन् म्या त्येला म्हणत होतो, एक आण."

मग त्यांनी रकान्यात सावकाश लिहिलं: दुनळी, बारा बोअर, बनावट बेल्जियम, सध्या पोलीस ठाण्यात जमा.